डाळिंबाची फुगवण फोनच्या कॅमेऱ्याने मोजणारी सेवा : हस्त बहारातील अनुभव

सांगोला तालुक्यातील आमच्या भगवा जातीच्या डाळिंबाच्या बागेत गेल्या हस्त बहारात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्यावर धरलेल्या हंगामात, फळांच्या वाढीची नोंद फोनच्या कॅमेऱ्याने ठेवणारी एक सशुल्क सेवा आम्ही गाठ धरल्यापासून तोडणीपर्यंत वापरली. ही सेवा दोन कामे करते. खूण केलेल्या ठरावीक फळांचा व्यास दर आठवड्याला मोजून वाढीचा आलेख देणे हे पहिले काम, आणि ओळीतून चालत काढलेल्या चित्रफितीवरून संपूर्ण बागेतील फळांची संख्या, सरासरी आकार व एकूण उत्पन्नाचा अंदाज देणे हे दुसरे. पहिले काम ही सेवा इतक्या चांगल्या रीतीने करते की पुढच्या बहारातही ती घ्यावी असे मला मनापासून वाटते. दुसरे काम ज्या विश्वासाने विकले जाते तेवढ्या विश्वासाला ते अजून पात्र झालेले नाही. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण याच धर्तीच्या सेवा आता अनेक ठिकाणी मिळतात आणि त्यांच्या अडचणी बहुतेक एकाच जागी आहेत. कोणतीही सेवा घेण्यापूर्वी काय तपासावे, हे वाचणाऱ्याला कळणे अधिक उपयोगाचे ठरेल.

डाळिंबाचा आकार आपण वर्षानुवर्षे लिंबाएवढा, पेरूएवढा असाच सांगत आलो आहोत, आणि खत किंवा फवारणी ठरवण्यापुरते ते भागतही असे. मात्र ऑक्टोबरमध्ये सेट झालेले फळ मार्चमध्ये साधारण साडेआठ सेंटिमीटर व्यासाचे व्हायचे असेल, तर त्याला सरासरीने आठवड्याला चार मिलिमीटर वाढावे लागते. ही वाढ काही आठवडे निम्म्यावर आली तरी रोज बागेत जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना तो फरक दिसत नाही. तो दिसतो तेव्हा व्यापारी कॅरेटमधील फळे हाताळत वजनाप्रमाणे प्रतवारी करत असतो आणि त्या वेळी हाती करण्यासारखे काही उरलेले नसते. वाढीचा वेग मंदावल्याचे वेळेवर कळावे, एवढीच माझी अशा सेवेकडून मुख्य अपेक्षा होती.

व्हर्निअर कॅलिपरने हे काम पूर्वीही करता येत होते आणि काही जाणकार बागायतदार ते करतातही. पण काट्यांतून हात घालून फळ न हलवता माप घेणे, ते वहीत उतरवणे आणि पुढच्या आठवड्यात नेमके तेच फळ पुन्हा शोधणे, हे मजुराकडून हंगामभर नीट करवून घेणे फार कठीण जाते. या सेवेत निवडलेल्या फळाजवळच्या फांदीला चौकोनी संकेतचिन्ह छापलेली प्लास्टिकची पट्टी बांधली जाते. आधी ती पट्टी आणि मग फळ असे दोन फोटो घेतले की माप त्या फळाच्या खात्यात आपोआप जमा होते. नोंदीतील गोंधळ यामुळे जवळजवळ संपतो, आणि माझ्या मते या सेवेचा अर्धा फायदा कॅमेऱ्यात नसून या साध्या पट्टीत आहे.

फोटोवरून व्यास कसा निघतो, हे समजून घेतल्याशिवाय येणाऱ्या आकड्यांवर विसंबू नये. फोटोत फळ किती बिंदूंइतके रुंद आहे एवढेच संगणकाला कळते. ते बिंदू म्हणजे किती मिलिमीटर, हे ठरवण्यासाठी फळापासूनचे अंतर तरी माहीत असावे लागते किंवा ज्याचे माप ठाऊक आहे अशी एखादी वस्तू फळाशेजारी असावी लागते. अंतर मोजणारा लायडार संवेदक आयफोनच्या प्रो मॉडेलांत २०२० पासून आहे, पण आपल्या भागात बागेत काम करणाऱ्यांच्या हाती असलेल्या बहुसंख्य फोनांत तो नसतो. त्यामुळे कंपनी एक मापपट्टी असलेले कार्ड देते आणि ते फळाजवळ धरून फोटो घ्यायला सांगते.

हे कार्ड कोठे धरायचे, यावर सगळे अवलंबून आहे. फोन फळापासून पन्नास सेंटिमीटरवर असताना कार्ड फळाच्या मध्याच्या रेषेत धरण्याऐवजी पाच सेंटिमीटर मागे गेले, तर ते प्रमाणापेक्षा लहान दिसते आणि त्याच्या तुलनेत फळाचा व्यास दहा टक्क्यांनी जास्त भरतो. दहा टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण चार मिलिमीटरची आठवड्याची वाढ पाहण्यासाठी आपण हा खटाटोप करत असताना सत्तर मिलिमीटरचे फळ सत्त्याहत्तर भरले, तर आलेख निरर्थक होतो. कंपनीच्या प्रशिक्षणाच्या चित्रफितीत ही गोष्ट एका वाक्यात उरकली आहे, ती प्रत्यक्ष बागेत उभे राहून दाखवायला हवी होती. आमच्याकडे फोटो घेणाऱ्या मुलाला ही खुबी समजावून दिल्यानंतर, पूर्ण दिसणाऱ्या फळांची मापे कॅलिपरच्या मापांशी दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळू लागली. एकच माणूस एकाच पद्धतीने फोटो घेत असेल तर उरलेली चूकही दर आठवड्याला एकाच बाजूची राहते, त्यामुळे वाढीच्या आकड्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही.

डाळिंबाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. फळाच्या टोकाला असलेला मुकुट फोटोत फळाचाच भाग म्हणून धरला गेला की उंची वाढून येते, आणि फळ फांदीवर तिरपे लटकत असेल तर ती वाढलेली उंची रुंदीतही मिसळते. सुरुवातीच्या आठवड्यांत, म्हणजे फळ लहान आणि मुकुट त्या मानाने मोठा असताना, याचा त्रास सर्वांत जास्त होतो. सेवा देणाऱ्याला हे जरूर विचारावे की तुमचे मोजमाप देठ-मुकुट या अक्षाला काटकोनात असलेल्या रुंदीचे आहे की फळाभोवती बसणाऱ्या चौकटीचे. चौकटीचे असेल तर पट्टी बांधताना शक्यतो सरळ खाली लटकणारी फळे निवडावीत, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. बोर्डो मिश्रणाची फवारणी झाल्यावर एक-दोन दिवस फोटो टाळलेले बरे, कारण पांढरट डागांमुळे फळाची कड ओळखण्यात सॉफ्टवेअर चुकते. भर दुपारच्या उन्हातही तेच होते. फळाची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू दोन वेगळ्या वस्तू धरल्या गेल्याचे आम्ही पाहिले आहे. सकाळी ऊन चढण्याआधी घेतलेले फोटो सर्वांत चांगले निघतात.

आता या आलेखाने प्रत्यक्षात काय दिले ते सांगतो. बागेतील प्रत्येक भागात आम्ही खुणेची झाडे ठेवली होती आणि त्या भागांचे आलेख एकावर एक ठेवून पाहण्याची सोय ॲपमध्ये आहे. डिसेंबरच्या शेवटी थंडी वाढली तेव्हा सगळ्याच रेषा एकदम सपाट झाल्या. सगळ्या रेषा एकत्र मंदावत असतील तर कारण हवामानात आहे आणि त्या घाईत फुगवणीसाठी महागडी औषधे सोडण्यात अर्थ नाही, एवढे त्यावरून स्पष्ट झाले. थंडी ओसरल्यावर त्या रेषा पुन्हा वर गेल्या, पण विहिरीपासून सर्वांत लांबच्या भागातील रेषा मात्र वर गेली नाही. त्या ओळींत झाडे हिरवीगार दिसत होती, पाने कोमेजलेली नव्हती, आणि जमिनीवर पाण्याचे ओले डागही दिसत होते. लॅटरल, म्हणजे ठिबकच्या ओळीतील नळ्या, उघडून ड्रिपरखाली भांडी ठेवून पाणी मोजले तेव्हा कळले की बोअरच्या पाण्यातील क्षार साचून बरेच ड्रिपर अर्धवट चोंदले होते, म्हणजे पाणी पडत होते पण पुरेसे पडत नव्हते. आम्ल प्रक्रिया करून लॅटरल धुऊन काढल्यानंतर दोन आठवड्यांत त्या भागाची वाढ इतर भागांच्या बरोबरीला आली. व्यासात तोवर पडलेली तूट मात्र पूर्ण भरून निघाली नाही. हा दोष आलेखाशिवाय कळलाच नसता असे नाही, परंतु तो कळेपर्यंत फेब्रुवारी उलटला असता. शेजारच्या ओळींशी तुलना करून मिळणारी ही माहिती कोणत्याही एका आकड्यापेक्षा मोलाची आहे, आणि तिच्यासाठी माप शंभर टक्के अचूक असण्याचीही गरज नाही.

या सेवेच्या सूचना मात्र डाळिंबासाठी मुळातून विचार करून लिहिलेल्या नाहीत, हे जाणवत राहते. गाठ धरल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ॲप दर तीन-चार दिवसांनी मोजणीची आठवण करून देते. ही पद्धत सफरचंदाची आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ड्युएन ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार, विरळणीचे, म्हणजे जादा फळे गाळून टाकण्याचे, रसायन फवारल्यावर ज्या फळांच्या वाढीचा वेग सर्वांत जोमाने वाढणाऱ्या फळांच्या निम्म्याखाली येतो ती फळे गळणार असे धरले जाते, आणि दुसरी फवारणी करायची की नाही हे काही दिवसांतच ठरवायचे असते. तेथे तीन-चार दिवसांच्या अंतराने मोजणी करणे आवश्यकच आहे. आपल्याकडे डाळिंबाची विरळणी हाताने, कात्रीने होते आणि ती कोणत्या फळाला डाग आहे, कोणती जोडफळे एकमेकांना घासतात हे पाहून होते. त्यामुळे त्या काळात इतक्या वेळा फोटो काढण्याचा मजुरीखर्च वाया जातो. आठवड्यातून एक मोजणी पुरेशी आहे, आणि शेवटच्या महिन्यात तर पंधरवड्यातून एकदा केली तरी चालते.

दुसऱ्या कामाकडे वळतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी चालत चित्रफीत घ्यायची, ती पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी फळांची संख्या व आकारांचे वर्गीकरण मिळवायचे, अशी ही योजना आहे. परदेशातील आधुनिक सफरचंद बागांत झाडे तारांवर पसरवून पातळ, उभ्या रांगेत वाढवलेली असतात, त्यामुळे तेथे बहुतेक फळे कॅमेऱ्यासमोर येतात. आपले डाळिंब म्हणजे जमिनीपासून अनेक खोडांनी फुटलेले दाट झुडूप आहे, आणि चांगली, उन्हाने न भाजलेली फळे आतल्या बाजूलाच असतात. न दिसणारी फळे किती, याचा गुणक काढण्यासाठी कंपनी सुरुवातीला काही झाडांवरची फळे हाताने मोजायला सांगते, ते योग्यच आहे. पण नवी फूट वाढली की तो गुणक बदलतो आणि हंगामाच्या मध्यावर तो पुन्हा काढण्याची तरतूद सेवेत नाही. फेब्रुवारीत उन्हापासून बचावासाठी झाडांवर पांढरे क्रॉप कव्हर चढले की चित्रफितीचे काम पूर्णच थांबते. उत्पन्नाचा अंदाज ज्या काळात व्यापाऱ्याशी बोलताना सर्वांत जास्त हवा असतो, नेमक्या त्याच काळात तो मिळत नाही. खुणेच्या फळांचे तसे नाही, कारण कव्हर बाजूला सारून तेवढी फळे मोजता येतात.

चित्रफितीवरून येणारी बागेची सरासरी ही तर दिशाभूल करणारीच गोष्ट आहे, आणि याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. डाळिंबाला कळी एकदम निघत नाही, ती टप्प्याटप्प्याने निघते आणि एकाच झाडावर पहिल्या व तिसऱ्या टप्प्याची फळे शेजारी शेजारी असतात. उशिरा सेट झालेली फळे कॅमेऱ्याला ओळखू येण्याइतकी मोठी झाली की ती मोजणीत शिरतात आणि प्रत्येक फळ वाढत असूनही बागेची सरासरी त्या आठवड्यात खाली येते. उलट विरळणीत लहान व डागी फळे काढून टाकली की एकाही फळाची वाढ न होता सरासरी वर जाते. आमच्या विरळणीनंतर आलेल्या अहवालात ‘वाढीचा वेग उत्तम’ अशी हिरव्या रंगातील नोंद होती, आणि त्याच आठवड्यात खुणेच्या फळांची वाढ मात्र नेहमीपेक्षा कमी होती. वाढ समजण्यासाठी तेच फळ पुन्हा मोजावे लागते. दर वेळी वेगळ्या फळांची सरासरी काढून ती समजत नाही. दोन्ही आकडे एकाच पडद्यावर, एकाच शीर्षकाखाली दाखवणे ही या ॲपमधील माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर उणीव आहे, कारण नवा माणूस मोठ्या अक्षरांतील बागेचा आकडाच पाहील आणि त्यावरून पाणी-खत ठरवील.

एकूण टनांचा अंदाज यापेक्षाही नाजूक आहे. फळाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ८० मिलिमीटरचे गोल फळ ७६ मिलिमीटर मोजले गेले, म्हणजे व्यासात पाच टक्के चूक झाली, तर आकारमान सुमारे २६८ घनसेंटिमीटरऐवजी २३० भरते आणि वजनाचा अंदाज चौदा टक्क्यांनी कमी येतो. त्यात फळांची संख्याही दहा टक्क्यांनी कमी मोजली गेली असेल, तर दहा टन माल असलेली बाग पावणेआठ टनांच्या आसपास दिसते. दोन्ही चुका स्वतंत्रपणे पाहिल्या तर कोणालाही क्षम्य वाटतील अशाच आहेत, पण जागेवर सौदा करताना हा आकडा पुढे ठेवणारा बागायतदार स्वतःचे नुकसान करून घेईल. अंदाज देताना कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, अशी मर्यादा कंपनीने दिली पाहिजे. दशांशापर्यंत एकच आकडा छापल्याने जो अचूकपणा भासतो तो मोजणीत नाही.

सालीच्या रंगावरून ‘पक्वता’ टक्क्यांत सांगण्याची सोयही या सेवेत आहे. भगवा डाळिंबात सालीचा रंग ऊन-सावली, थंडी आणि फळाची झाडावरची जागा यांनुसार बदलतो, आणि दाण्यांचा रंग व गोडी त्याच्याशी जुळेलच असे नसते. तोडणी ठरवण्यासाठी वेगवेगळ्या झाडांवरची काही फळे कापून दाणे पाहणे आणि रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, मोजणे याला अजून पर्याय नाही. हा भाग वापरला नाही तरी काही बिघडत नाही.

शुल्क एकरी आहे आणि ते हंगामाच्या सुरुवातीला एकरकमी भरावे लागते. आमच्या हिशेबाने एका एकराचे शुल्क साधारण एका चांगल्या फवारणीच्या औषधखर्चाइतके पडते. त्याशिवाय फोटो घेणाऱ्याचा आठवड्यातील अर्धा दिवस धरावा लागतो. केवळ खुणेच्या फळांची सेवा कमी दरात वेगळी मिळावी अशी मागणी आम्ही केली, पण सध्या दोन्ही मिळूनच घ्यावी लागतात. बागेत नेटवर्क नसले तरी फोटो फोनमध्ये साठून राहतात आणि घरी आल्यावर आपोआप जातात. ही सोय उत्तम आहे आणि तिने एकदाही दगा दिला नाही. चित्रफिती मात्र फार जड असतात आणि त्या पाठवताना रोजच्या डेटाची मर्यादा संपते. संपर्कासाठी दिलेल्या क्रमांकावर मराठीत बोलणारी माणसे आहेत, ती तांत्रिक प्रश्नांना धीराने उत्तरे देतात, परंतु शेतीचा प्रश्न विचारला की ठोकळेबाज सल्ला मिळतो. त्या सल्ल्यासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे वेळापत्रक आणि आपल्या भागातील जाणकार बागायतदार हेच आधार ठेवावेत.

दोन-तीन एकरांची, एकाच पाण्यावरची, रोज डोळ्यांखालून जाणारी बाग असेल तर रिबन, कॅलिपर आणि वही यांनी हेच काम जवळजवळ फुकट होते, आणि अशा बागायतदाराने ही सेवा घेण्याची घाई करू नये. बाग वेगवेगळ्या गटांत विखुरलेली असेल, पाण्याचे स्रोत वेगळे असतील किंवा मालक स्वतः गावात राहत नसेल, तर मात्र आलेखांची तुलना शुल्काच्या कितीतरी पट परत देते. खुणेची फळे निवडताना ती सगळी बांधाकडच्या, हाताला सहज येणाऱ्या झाडांवरची घेण्याचा मोह मजुरांना होतो, म्हणून ती निवड मालकाने स्वतः करावी. प्रत्येक भागात ओळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे झाड घ्यावे, आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा डाग असलेले फळ त्यात घेऊ नये.

करारातील एक कलम सही करण्यापूर्वी नीट वाचण्यासारखे आहे. बागेची माहिती ‘भागीदार संस्थांना’ देण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते. त्या संस्था कोणत्या, हे करारात लिहिलेले नाही. बागेत कोणत्या आकाराची किती फळे आहेत आणि ती कधी तोडणीला येणार आहेत, हे खरेदीदाराला आपल्याआधी किंवा आपल्याइतकेच कळले, तर भावाच्या बोलण्यात बागायतदाराच्या हाती काही राहत नाही. आम्ही लेखी विचारणा केल्यावर हे कलम आमच्या करारातून वगळण्यात आले. म्हणजे मागणी केली तर ते वगळले जाते, आणि ती मागणी पैसे भरण्यापूर्वी, लेखी स्वरूपातच करावी.